हजेरी क्रमांक त्रेचाळीस

जूनमध्ये नावं आडनावांच्या क्रमाने लागतात.
नोव्हेंबरात आलेल्याला वर्णमाला मिळत नाही.
अन्वी डुबल खरं तर दळवीच्या वर बसायची,
ती आली हळदणकरच्या खाली,
वेगळ्या शाईत.

दाखल्यावर तेजपूर. त्याआधी भटिंडा. त्याआधी
एक ठिकाण, ज्याचं नाव तिला आठवेना.
"तिथं अक्रोडाचं झाड होतं," म्हणाली.
वडील नायब सुभेदार, मूळ गाव कराडकडचं,
जिथं ती सुट्टीत पाहुणी असते.

कुलाब्याचा नोव्हेंबर. पंखा पाचावर,
खिडकीतून वाळत्या बोंबलांचा वास,
आणि ही पूर्ण बाह्यांच्या मरून स्वेटरात.
काढ म्हटलं तर मान हलवली.
घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता.
मी पुढे विचारलं नाही.
"बाबा सध्या कुठे?" हेही विचारायचं नसतं,
नऊ वर्षांपूर्वी एका मुलानं
उत्तर न देऊन मला ते शिकवलं होतं.

मधल्या सुट्टीत कळलं.
स्वेटरखाली शर्ट पांढराच, आमच्यासारखा,
पण खिशावर जुन्या शाळेची मशाल.
बाकी बेचाळीस खिशांवर आमचं गलबत.
नवा गणवेश दुकानात यायला आठवडा होता.

शिवणाच्या डब्यातलं ब्लेड काढलं,
एकेक टाका उसवला.
ती श्वास रोखून उभी, जणू इंजेक्शन आहे.
बिल्ला निघाला, तिथं कापड जास्त पांढरं होतं,
एक चौकोन, ऊन न लागलेला.
"मला द्या," म्हणाली.
कंपासपेटीत ठेवला.
तिथं आधीचे दोन होते.

मग गणित.
अपूर्णांक तोंडपाठ, तीन शाळांत तीनदा झालेले.
दशांश मात्र एकदाही नाही:
जुनी शाळा सुटायची त्या धड्याच्या अलीकडे,
नवी भेटायची पलीकडे.
मी फळ्यावर टिंब दिलं
की ती तिथं थांबायची,
वाक्य संपल्यासारखी.
दोन आठवडे शिकवलं. वाईट शिकवलं,
मीही मग तेच तेच मोठ्यानं बोलायला लागले होते.

तनिष्का वैती, तिच्या बाकावरची,
जन्मापासून मच्छीमारनगरात,
जिच्या घरातली फक्त होडी जागा बदलते,
ती एक दिवस वैतागली.
"आमचा काटा बघितलास का कधी?"
शनिवारी घेऊनच गेली.

तिच्या आईनं ताटलीत मूठभर कोळंबी टाकली,
दोन काढली, एक परत ठेवली.
लाल आकडे पळाले, थांबले.
०.२५०
"हे किती झालं?"
"पाव," अन्वी म्हणाली. "एक छेद चार."
"मग इतके दिवस रडत काय होतीस?"

हे मला सोमवारी दोघींनी एकदमच सांगितलं,
त्यामुळे अर्धं कळलं.
त्या दिवशी आठातली सात गणितं बरोबर आली.
आठव्यात तिनं उत्तराला रुपये लिहायचे तिथं
किलो लिहिलं.
मी अर्धा गुण दिला. नियमात बसत नाही.
तिनं तो ०.५ असा मोजला.

स्वेटर कधी उतरला, आठवत नाही.
अशा गोष्टींची तारीख
कुठल्याच पटावर नसते.

जानेवारीत आणखी एक. चव्वेचाळीस.
फतेहदीप, अंबाल्याहून.
दारात उभा, जाड निळ्या स्वेटरात,
दप्तर दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं,
खिशाच्या बरोबर समोर.
वर्ग त्याच्याकडे बघतोय,
मी पेन झटकतेय, शाई उतरत नाहीये.

अन्वीनं तनिष्काला कोपरानं ढकललं,
दोघी सरकल्या, बाकाचं टोक मोकळं झालं.
त्याच्याकडे न बघताच ती उठली,
माझ्या टेबलापाशी आली,
आणि हळूच,
"बाई, ते ब्लेड कुठं ठेवलंत?"