कडी

डॉक्टर ओकाफोर विचारतात, मी उत्तरं देते,
स्विंडनच्या इस्पितळात, प्लास्टिकच्या पिवळ्या खुर्चीत,
शाल्मलीचा शाळेचा ब्लेझर मांडीवर घेऊन.
बाहीला अजून लापशी लागलेली.

किती वेळ चाललं?
मायक्रोवेव्हवर ७:४१ होते, मग ७:४३.
मधली ७:४२ मी पाहिलीच नाही
किंवा तेवढीच पाहिली.

झोप? कमी. परीक्षा जवळ आलीय,
रात्री दोनला तिच्या दाराखालून निळा उजेड येतो.
नाश्ता? चमचा हातात होता.
डोक्याला मार? नेटबॉल खेळताना, ऑक्टोबरात,
पण टेंगूळसुद्धा आलं नव्हतं.
दारू, गोळ्या, काही ओढणं?
हे ते तिला एकटीला विचारतात, मला बाहेर पाठवून.
मशीनमधली चिप्सची पाकिटं मी दोनदा मोजते.
आत येते तर दोघांच्याही चेहऱ्यावर काहीच नाही.

नुसती चक्करही असेल, ते म्हणतात.
साखर उतरली असेल, हृदयाचा ठोका चुकला असेल,
मेंदूतली वीज घटकाभर वाट सोडून धावली असेल.
आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही.
न सापडलेलं मला चालेल. मी मान हलवते.

घराण्यात कुणाला?

नाही, उदयन चटकन म्हणतो. दोन्हीकडे नाही.
सतरा वर्षं त्याला हेच ठाऊक आहे,
कारण ठरवताना आम्ही हेच सांगितलं होतं.

वसूमामा.
घरात फीट म्हणायचे, शेजारी फेफरं.
नाकाशी कांदा, नाहीतर चप्पल,
मग अंगावर चादर, आणि कुणी यायच्या आत दार लोटून घेणं.
तो विहिरीत गेला तेव्हा आई सगळ्यांना सांगत सुटली,
त्याला पोहता येत नव्हतं हो.
मला पोहायला त्यानंच शिकवलं.

हे मी इंग्रजीत सांगते.
इंग्रजीत ते दोन वाक्यांत मावतं.
आईच्या बाजूचे का? डॉक्टर एवढंच विचारतात, लिहून घेतात.
उदयन माझ्याकडे बघत नाही.
ब्लेझर ओढून घेतो
आणि नखानं बाहीवरची लापशी खरवडत बसतो.

पुढच्या आठवड्यात पत्र येतं: फर्स्ट फिट क्लिनिक,
जणू शिंप्याकडे कपडा घालून बघायचाय.
तोवर एकटीनं पोहायचं नाही,
शिडीवर चढायचं नाही,
न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही.

उदयन स्क्रूड्रायव्हर आणतो, कडीच काढून टाकतो.
चार स्क्रू वाटीत ठेवतो, वाटी फ्रीजवर,
आणि सहा दिवसांत पहिल्यांदा नीट बोलतो:
तुला पोहता येतं हे तरी सांगायचंस.

मी दाराबाहेर गालिच्यावर बसलेय.
आत पाणी वाजतंय.
थांबलं.
शालू?
शाम्पू लावतेय, आई! ती वैतागून ओरडते.
पुन्हा पाणी.