रिकाम्या डब्याची मोजणी

आधी काहीच न ठेवता मोजायचं,
हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम.
शिशाच्या विटांच्या कोनाड्यात रिकामा डबा,
वर जड झाकण,
आणि पुरा एक दिवस बघत राहायचं
काहीच नाही म्हणजे नेमकं किती.

ते कधीच शून्य येत नाही.
भिंतीतली खडी येते, पारसिकच्या डोंगराची,
आकाशातून कुठूनतरी निघालेलं काही येतं,
दाराशी मी रेंगाळले तर थोडीशी मीसुद्धा.
तेवढं वजा करायचं. मग माल.

माल तुर्भ्याहून. मसाला गल्लीतले वेलजीभाई
जिरं तोलताना दबक्या आवाजात विचारतात,
ताई, भेसळ निघाली का हो आमच्यात?
नाही शेठ, माल शुद्ध आहे.
शुद्ध मालातच असतं ते.
यावर त्यांना हसावं की दुकान बंद करावं कळत नाही.
पावतीवर लिहितात: जिरं अर्धा किलो, तपासणीसाठी,
आणि पैसे घेत नाहीत.

केळं वाळवते, भट्टीत राख करते.
एका केळ्यात सेकंदाला पंधराएक अणू फुटतात,
पृथ्वी गोळा होत होती तेव्हापासूनचे,
आपली पाळी येईतो थांबलेले.
पडद्यावर त्यांचा सुळका उभा राहतो,
दरवेळी त्याच जागी,
गावच्या देवळाच्या कळसासारखा, लांबूनही ओळखू येणारा.

दिवाळे गावच्या धर्मीबाईंच्या शिवल्यांना मात्र
ही रीत चालत नाही. त्या आम्लात विरघळवायच्या,
कोमट द्रावात चांदीची चकती फिरवायची,
की पोलोनियम आपणहून चांदीवर येऊन बसतं.
चांदीची हौस त्यालाही.
किती निघाला गो? इतके बेकरेल.
बेकार नाय ना?
नाही मावशी, समुद्रात असतंच ते, सगळीकडच्या.
मंग खावाच्या का नाय?
खायच्या.
मंग मोजतंस कनाला?

हे मला अहवालात लिहिता आलं नाही.
तिथे रकाना आहे: आरोग्यास धोका.
मी लिहिते: नगण्य.
साहेब सही करतात.

हरेश्वरचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार.
वाशीच्या डॉक्टरांनी फ्रिजवर लावायला यादी दिली:
केळं नको, शहाळं नको, टोमॅटो जपून,
बटाटा चिरून दोनदा उकळा, पाणी फेका.
यादी वाचली आणि मला हसू फुटलं.
माझ्याच नमुन्यांची यादी. तोच पोटॅशियम.

फक्त माझ्या यंत्राला ऐकू येतो
तो दहा हजारांत जेमतेम एक.
बाकीचे फुटत नाहीत, बोलत नाहीत,
शिशाच्या कोनाड्यात महिनाभर ठेवले तरी
त्यांची नोंद होत नाही.
आणि गाळायला मूत्रपिंड नसलं
की तेच रक्तात साचतात
आणि हृदय थांबवतात, एखाद्या साध्या दुपारी,
शहाळ्यानंतर.

अकरा वर्षं मी बोलणाऱ्याचं मोजत आले.

तो म्हणतो, एक केळं आणून ठेव घरात, खाणार नाही,
वास घेईन.
मी आणलं. तीन दिवस ओट्यावर काळं पडत गेलं.
चौथ्या दिवशी दोघांनी मिळून टाकलं,
कुणी काही बोललं नाही.

रात्री शेजारी पडतो.
माझ्यात सेकंदाला चारेक हजार फुटत असतात,
त्याच्यातही तसेच, थोडे कमीजास्त,
थोडं त्याचं मला लागतं, थोडं माझं त्याला.
मोजलेलं नाही.
वजा काय करायचं तेच ठरत नाही.

सकाळी बटाट्याचं पाणी फेकवत नाही माझ्याने.
खिडकीतल्या कढीपत्त्याला घालते, गार करून.
कढीपत्ता माजलाय नुसता,
खालच्या मजल्यावरच्या कुट्टीबाई मागून नेतात.
एकदा त्याचीही राख करून बघावी म्हणते.