रकाना क्रमांक चार

'घटकाचे नाव' असा रकाना.
त्यात मावेल तेवढंच लिहायचं.
जोत्यापासून वर: खुर, कुंभ, कणी, अंतरपत्र, कपोत.
मी वाचत जाते, आणि भरमाणी वड्डर
टेपचं दुसरं टोक दगडाला दाबून उकिडवा.

हलशीच्या अलीकडचं हे देऊळ,
पाटीवरचं नाव दोन्ही लिप्यांत उडालेलं.

"खुर म्हंजे बैलाचा त्यो?"
हो.
"कणी? तांदळाची?"
नाही, धारेची. ही कड बघा.
"आणि कपोत?"
पारवा.
त्यानं मान वर केली. वळचणीच्या दगडाखाली
खरेच पारवे होते, पांढरे ओघळ पार कुंभापर्यंत.
"खाली कणी पसरून ठेवल्याव येणारच की, बाई."

परीक्षेला मी हे शब्द पाठ केले होते
सरांच्या खाकरण्यासकट.
शुकनास लिहिताना पोपट कधी दिसला नव्हता.

मग ती आडवी खाच.
सगळ्या देवळाभोवती फिरलेली, बोटभर खोल,
दगड नव्हे, दगड काढून घेतलेली सावली.
"ह्याला?"
अंतरपत्र. गळाही म्हणतात.
"कुत्तिगे," दारातून शिवलिंगप्पा म्हणाला,
पहारेकरी, तंबाखू मळता मळता,
आणि स्वतःच्या मानेवर हात ठेवून दाखवला.

भरमाणी गप्प. मग म्हणाला,
आमच्यात निराळा शब्द हाय, आज्जा म्हणायचा.
आणि म्हणाला तो.
मी विचारलं, कसा लिहायचा?
"लिवत न्हाईत. धोंडा उचलताना वरडायचा.
हितं बोटं घालायची, समद्यांनी एकदम.
खरं आता क्रेन आली."

नंदगडची बस वळणावर घोगरली, गेली.

मी लिहिलं: अंतरपत्र.
खोली: साडेतीन सेंटीमीटर.
शेरा: हा रकाना अरुंद, तो कोराच राहिला.

खाच पुसायला गेलेलं त्याचं बोट
मध्येच थबकलं.
आत कुंभारणीनं घर केलं होतं,
ओल्या मातीचं, तोंड बारीक, पोट गोल,
अजून एक बाजू लिंपायची राहिलेली.
"ह्यो कुंभ धरायचा काय, बाई?"

टेप त्यानंच पुढे केला.
मी वाकून आकडा वाचला,
आणि ती परत येईस्तोवर
आम्ही दोघं जरा बाजूला सरकलो.