बारा टक्के

नूलच्या सोसायटीच्या गोडाऊनपुढं टेबल,
टेबलावर यंत्र, यंत्रामागं मी.
अकरा महिन्यांचा करार, बारावा महिना घरी.
यंत्र जेवणाच्या डब्याएवढं.
मूठभर सोयाबीन घालायचं, झाकण पिळायचं,
आत दाणे चिरडल्याचा आवाज येतो
आणि मग आकडा.
बारापर्यंत सरकार. बाराच्या वर बाजार.

हमीभाव आणि अडत्याचा भाव
यांच्यात सातशे-आठशे रुपयांचं अंतर,
ते सगळं दशांशाच्या बारक्या टिंबावर उभं असतं,
आणि लोक त्या टिंबाकडं असे बघतात
जसं तापलेल्या पोराच्या काखेतून काढलेल्या थर्मामीटरकडं.

मल्लव्वा तेली आली बसगोंडाच्या टेम्पोतून,
एकोणीस पोती, पोत्यांवर स्वतः.
बारा पॉइंट आठ.
"परत घाल."
बारा पॉइंट आठ.
"हिरण्यकेशीचं धुकं हाय ते, सोयाबीनचं न्हवं."
मी म्हणालो, अव्वा, यंत्राला धुकं कळत नाही.
"मग माझ्या जावयाला घाल की त्यात,
बघू तरी किती कोरडा हाय."
रांग हसली.
हसताना जो तो आपल्या पोत्यात हात घालून
दाणा दाताखाली धरून बघत होता.

तिनं माल रस्त्यावर ओतला.
संकेश्वरच्या रस्त्याची एक बाजू पिवळी झाली.
उसाच्या ट्रॉल्या कडेकडेनं गेल्या, हॉर्न न वाजवता,
एवढी रीत अजून आहे.
ती अनवाणी त्यात फिरत राहिली,
पायानं चर पाडायची, परत मोडायची,
वर आलेलं खाली, खालचं वर.
जेवली नाही. मशेरी तेवढी लावली.
दुपारी दोन वेळा येऊन यंत्राकडं नुसतं बघून गेली,
व्याह्याच्या घरी बघतात तसं, काही न मागता.

साडेचारला दुसरं लचांड: ओटीपी.
सातबारा पुण्याच्या केळकरांचा,
पेरा मल्लव्वाचा, निम्म्या वाट्यानं, एकवीस वर्षं.
नोंदणी सातबाऱ्यावर, पैसे नोंदणीवर,
मोबाईल नंबर केळकरांच्या मुलाचा.
त्यानं फोन उचलला, तिकडं कुणाला तरी थांबायला सांगितलं,
सहा आकडे वाचले, फार सभ्यपणानं,
आणि विचारलं, "हे कशाचं आहे?"
सोयाबीनचं, मी म्हणालो.
"अच्छा! आपल्या शेतात सोयाबीन असतं का?"

स्पीकर चालू होता.
मल्लव्वानं पदराला अडकलेला एक दाणा काढला,
तोंडात टाकला, कडकन फोडला.
"सांग त्येला. असतंय म्हणावं."

पावती निघाली. नाव त्यांचं, खातं त्यांचं,
वजन नऊ क्विंटल साठ.
तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.
नावाच्या ओळीवरनं बोट न थांबता खाली आलं,
वजनावर थांबलं.
"नाव असू दे त्येंचं. वजन माझं."
पावतीची चौघडी करून तिनं ती चोळीत ठेवली
आणि बसगोंडाला म्हणाली, चल रं,
म्हशीची धार ऱ्हायलीया.

डांबराच्या फटीत राहिलेले दाणे
पारवे अंधार पडेपर्यंत वेचत होते.

रात्री गोडाऊनच्या बल्बखाली रजिस्टर पुरं केलं.
तिच्या ओळीत अकरा पॉइंट नऊ,
माझ्याच अक्षरात, जरा दाबून लिहिलेलं.
संध्याकाळी पडद्यावर काय उमटलं होतं
ते यंत्राला आता आठवत नाही,
बंद केलं की ते सगळं विसरतं.
मी अजून चालू आहे.

शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहायला लागतं.
मी लिहिलं:
बॅटरी बदलावी.