रंगाला नाव सुचवा

साकीनाक्याला, तिसऱ्या मजल्यावर
मी नावं चाळायचो. नावामागे चाळीस पैसे.
कंपनीकडे रंग होते चौसष्ट,
शब्द संपले होते.
मग साहेबांनी जगाला विचारलं, तुम्हीच सांगा,
आणि जग रात्रभर सांगत राहिलं.

चौदा हजार सहाशे नावं.
निळ्याला ताडपत्री – माहुलहून, एकाच नंबरवरून सात वेळा.
राखाडीला लोक काय काय म्हणाले:
कबुतरखाना, बाबांची पँट,
ओहोटीची शिवडी.
एका पोरानं गुलाबीला आपल्या बाईंचं नाव दिलं,
आडनावासकट. ते मी गाळलं.
त्याचेही चाळीस पैसे मिळाले.

खाली बारीक अक्षरांत असायचं:
सुचवलेलं नाव कंपनीचं.
पाठवलेला भिंतीचा फोटो कंपनीचा.
मग साहेबांना आणखी एक सुचलं –
ज्यांनी नावं दिली त्यांनीच आगाऊ पैसे भरायचे,
पाच हजार डबे नोंदले गेले की रंग बनेल.
नाव त्यांचं, भिंत त्यांची, पैसे त्यांचे.
‘मग आपलं काय?’ मी विचारलं.
साहेब हसले. ‘झाकण.’

पहिलं बक्षीस फिक्या हिरव्याला.
नाव: रात्रपाळी.
पाठवणार सिस्टर लीना डाबरे, शीवचं हॉस्पिटल,
वॉर्डाची भिंत बावीस वर्षं बघून सुचलेलं.
बक्षीस वीस लिटर, त्याच रंगाचे.
मी फोन केला. मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती.
म्हणाल्या, ‘बाळा, हा रंग घरी कशाला लावू?
घरी मी झोपायला जाते.
पिवळा मिळेल का, कुठलाही?’
विचारून सांगतो म्हटलं.
विचारलं. नियम सातवा: बदलून मिळणार नाही.
ते कळवायचं राहून गेलं.
खरं तर राहून नाही गेलं. कळवलं नाही.

रंग खपला. नाव चाललं.
वांद्र्यापासून दहिसरपर्यंत होर्डिंगांवर रात्रपाळी,
खाली सोफ्यावर हसणारी, पुरेशी झोप झालेली बाई.
डबा मात्र जिन्याखाली. दिवाळीही येऊन गेली.

शेवटी वॉचमन इस्माईल मुकादमांनी विचारलं,
हा कुणाचा?
कुणाचाच नाही, म्हटलं.
रविवारी त्यांनी आपली केबिन रंगवली,
आतून, दोन हात देऊन,
आरसा आणि कॅलेंडर बाहेर झाडाला टांगून.
उरलेला म्हसळ्याला नेला, बहिणीच्या पडवीला.

परवा उशिरा उतरलो. दीड वाजला असेल.
एक ट्यूब, एक खुर्ची, उघड्या डब्यात अर्धी भाकरी,
आणि चारी बाजूंनी तो हिरवा.
‘रंग बरा आहे हां,’ चाचा म्हणाले,
‘डोळ्यांना टोचत नाही.
ह्याला काही नाव असेल ना?’

त्यांनी वही पुढे सरकवली.
मी बाहेर पडल्याची वेळ लिहिली,
आणि सही.