पाठमोरे फलक

आपल्याकडे भुताची पावलं उलटी असतात.
इथे, उत्तर समुद्राकाठच्या या सपाट मुलखात,
भूत मोटार चालवतं.
महामार्गावर उलट दिशेनं येणाऱ्याला
इथल्या जर्मन बोलीत शब्दच तसा आहे: भूतचालक.
रेडिओवरचं गाणं मध्येच तुटतं,
निवेदिका शांतपणे सांगते,
उजवी कड धरा, ओव्हरटेक करू नका,
समोरून एक भूत येतं आहे.

हाउकेला तो शब्द आवडत नाही.
ती म्हणते, भूत कसलं,
त्याला घरी जायचं असतं.

ऑगस्टात तिनं लेअरजवळच्या उतरणीवर खांब रोवला.
खांबावर एक रडार, एक उष्णता ओळखणारा कॅमेरा,
वर हातरुमालाएवढं सोलर पॅनेल.
चाचणीसाठी कोणीतरी चुकायला हवं होतं.
रस्ता बंद करून, खात्याची पिवळी व्हॅन घेऊन
ती स्वतःच उलटी शिरली.
आधी वीसच्या वेगानं, मग चाळीस, मग साठ.

धक्का बसला तो याचा
की काहीच वेगळं वाटलं नाही.
तेच डांबर, तोच पांढरा पट्टा,
कुंपणापलीकडे गायी, त्याही तशाच.
फक्त फलक सगळे पाठमोरे.
राखाडी पत्रा, चार बोल्ट, कारखान्याचा शिक्का.
जणू गावानं एकाच दिवशी अबोला धरावा
आणि कारण सांगायला कोणी तयार नसावं.

अहवालात तिनं चौकटीबाहेर एक ओळ लिहिली:
चुकलेल्या माणसाशी बोलणारं इथे कोणी नाही.
साहेबांनी ओळ खोडली. खांब ठेवला.

सप्टेंबरभर खांब उगाच ओरडला.
एक ससा. गवत कापायचं यंत्र.
एक बगळा, दोनदा, बहुधा तोच.
ऑफिसात हसले.
हाउके शिडी घेऊन गेली, आकडे बदलले.
ससा वगळायचा.
सायकलवरचं पोर वगळायचं नाही.
यातच तिचे सहा आठवडे गेले.

नोव्हेंबरातली एक रात्र. धुकं असं
की स्वतःच्या गाडीचं बॉनेटही ऐकीव वाटावं.
फोक्को आइल्ट्स, वय ब्याऐंशी,
इस्पितळातून निघाला.
बायको म्हणाली होती, झोप इथेच, खुर्चीत.
पण कुत्री घरी एकटी होती.
चाळीस वर्षं तो याच ठिकाणी डावीकडे वळला होता.
वळण उन्हाळ्यात तीस मीटर सरकवलं होतं.
हातांना ते कोणी कळवलं नव्हतं.

हात वळले.

आणि धुक्यात दोन लाल तळवे उघडले.
थांबा. थांबा. थांबा.
रागानं नाही,
तुमचं फाटक उघडं राहिलंय असं
रात्री दार ठोठावून सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखं.
इंजिन गचकलं. दिवे लागत विझत राहिले.
वर, महामार्गावरून,
दुधाचा टँकर धडधडत निघून गेला.
चालक शिट्टी वाजवत होता, असेलही.

मग रिव्हर्स गिअर.
काच खाली, मान बाहेर,
ब्याऐंशी वर्षांच्या मानेला जमेल तेवढी वळवून
आल्या पावली परत.
तोंड चुकीकडे, चाल बरोबर.

त्या रात्री रेडिओवरचं गाणं पुरतं वाजलं.

सकाळी हाउकेच्या पडद्यावर तीन ओळी:
०२:१४:०९ वाहन, उलट, वेग एकवीस.
०२:१४:१३ थांबले.
०२:१६:५० परत.
नाव नाही, नंबर नाही. मधले चार सेकंद.
तिनं कपात खडीसाखर टाकली, वरून चहा ओतला,
खडा तडकल्याचा आवाज ऐकला, जसा इथे सगळे ऐकतात,
आणि यादी पुढे ओढली.
अजून अकरा उतरणी. पैसे तीन खांबांचे.
सातव्या नंबरच्या उतरणीवर
दोन वर्षांपूर्वी काचा तिनंच झाडल्या होत्या.
तो नंबर तिनं वर आणला.

फोक्कोनं बायकोला फोनवर सांगितलं,
धुकं होतं, म्हणून उशीर.
कुत्रीला मात्र त्यानं
सगळं, पहिल्यापासून, सांगितलं.