चरका

जानेवारीत केळीला थंडी बाधते.
पोंग्यातून निघणारं पान
उलगडायच्या आधीच पिवळं पडतं.
चरका बसला, म्हणतात आमच्याकडे.
म्हणून पारा उतरला की
बांधाबांधावर रात्रभर धुमसत ठेवतात
ओला पाला, भुसा, फुटक्या गोवऱ्या.
बाग वाचते.
धूर मात्र बागेत थांबत नाही,
पहाटे चारला रस्त्यावर येतो
आणि तापीकडून आलेल्या धुक्याला गाठतो.

मग बामणोदच्या पुढे रस्ता नसतोच.
असतो फक्त बोनेटपुढचा एक तुकडा
आणि पाठीमागे बावीस कॅन दूध
डचमळत.

गाडी मला रुबाब तडवींनी शिकवली.
तीस वर्षं केळीचा ट्रक दिल्लीला नेलेला माणूस.
पहिल्या दिवशी चावी दिलीच नाही,
फडकं दिलं.
काच आतून पूस, म्हणाले,
श्वास तुझाच आहे, तोच तुला आंधळं करतो.
दुसऱ्या दिवशी मिठाईच्या पुड्याचा पिवळा कागद
दिव्यांवर चिकटवायला लावला.
आणि मी धुक्यात मोठा लाईट मारला तेव्हा
समोर चुन्याची भिंत उभी राहिली,
ते हसले नाहीत.
"भिंतीले काय पाहतं पोरी?
खालच्या पट्टीले पाहजो."

डावीकडची पांढरी पट्टी.
जिथे ठेकेदाराने ती मारलीच नाही
तिथे डांबराची कड,
जिथे कडही खचली
तिथे बाभळीची बुंधं, चुना लावलेली,
आणि जिथे बाभळीही तोडल्यात
तिथे खिडकी उघडून कान.

खड्डे मला पाठ आहेत.
पिंपरुडच्या वळणावरचा जुना,
दोन पावसाळे बघितलेला,
त्याला आम्ही जावई म्हणतो;
दरवर्षी माती-खडीचा आहेर घेतो
आणि दिवाळीपर्यंत पुन्हा रिकामा.

त्या पहाटे पट्टी धरून चालले होते.
तिसरा गिअर, पाय ब्रेकवर नुसता टेकलेला.
काच खाली होती म्हणून
आधी वास आला,
ताज्या तोडलेल्या उसाचा, गोड, ओलसर,
आणि वास इतका जवळून येतो म्हणजे
ऊस रस्त्यावरच आहे, शेतात नाही.

थांबले.
कॅन एकमेकांवर आदळले.
हातभर अंतरावर ट्रॉलीची पाठ,
दोन्ही बाजूंनी लोंबणारी वाढी,
ना दिवा, ना लाल काच,
फक्त सुतळीला टांगलेली एक सीडी,
माझ्या पिवळ्या उजेडात
हळूच गिरकी घेणारी.

ट्रॅक्टरवरून उतरला रायसिंग,
धडगावकडचा, विशीतला असेल,
कानाला गमछा, पायात स्लीपर.
टायर बसलाय, म्हणाला, पुढे पूल आहे, ताई,
पुलावर उभं राहता येणार नाही,
म्हणून इथेच.
हे तो असं म्हणाला
जसं काही इथे उभं राहता येत होतं.

मी गाडी मागे घेतली, पन्नास पावलं,
चारी इंडिकेटर टकटकत ठेवले.
गळ्यातला मफलर काढला, लाल,
भावाने लुधियानाहून आणलेला,
आणि त्याच्या ट्रॉलीला बांधला, सीडीच्या शेजारी.
मागून ट्रक आले.
एकाने शिवी दिली, एकाने हॉर्न,
तिसरा उतरला आणि न बोलता जॅक लावू लागला.

भुसावळला पोचले तेव्हा सव्वासात.
डेअरीवाल्याने घड्याळ दाखवलं,
लिटरमागे पैसे कापले.
चहा पिताना गळ्याला थंडी लागली
तेव्हा कळलं, मफलर तिकडेच राहिला.

संध्याकाळी चाचांना सांगितलं.
त्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे,
दारातल्या खाटेवर बसून
आवाजावरून गाड्या ओळखतात.
सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं:
किती पावलं मागे घेतली होतीस?
पन्नास.
"साठ घेजो," म्हणाले, आणि पाय पोटाशी घेतले.

अजून पहाटे निघते तेव्हा
प्रत्येक उसाच्या ट्रॉलीची पाठ आधी बघते.
लाल काही दिसलं तर बरं वाटतं.
माझाच असायला पाहिजे असं नाही.